रतनच्या घरात पाणी शिरले होते, याबद्दल

मी दशरथ हिराजी पेवेकर, वय ७८, पूर्वी कापड गिरणीत मागावर साचेवाला, आता घरीच, राहणार वर्सोवा कोळीवाडा.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, आमच्या गावच्या शाळेला पत्रे होते. वादळ सुटले की ते थडाथडा वाजायचे. मुले भिऊ नयेत म्हणून गुरुजी सगळ्यांना एका सुरात कविता म्हणायला लावायचे. चक्रीवादळाच्या दुपारी तोच आवाज मी पुन्हा ऐकला.

हवालदार म्हणाले, "आजोबा, कविता राहू द्या, रतनचं सांगा." सांगतो.

रतन माझा शेजारी, मासेमारी करायचा. बायको लता मुलीला घेऊन आधीच निवाऱ्याला गेली होती. आमची दोनच घरे खाडीला लागून, खोलगट जागेत. वारा आणि भरती एकदम आली. घरात कमरेच्या वर पाणी झाले. रतनने मला उचलून त्याच्या माळ्यावर बसवले. मी कविता पुटपुटत होतो. तो हसला, "बाबा, मोठ्यानं म्हणा ना, वाऱ्याला पण कळू दे!" माझे दम्याचे औषध माझ्या घरात राहिले होते. ते आणायला तो उतरला. दारातच लोंढ्याने त्याचे पाय उचलले. मी पाहिले. पुढचे कडवे मला आठवले नाही.

प्रेत दुसऱ्या दिवशी मढच्या बाजूला मिळाले. चिखल भरलेल्या घरात मयत आणायची नाही, अशी इथली रीत. लताने दोन्ही घरे धुतली, भिंतींना चुना दिला. पाणी मी ओतले.

त्यानंतर तलाठी पंचनाम्याला आले.

"पाण्याची खूण कुठाय?"

"धुतली. मग काय नवऱ्याला चिखलात निजवू?"

"ताई, दिसतं तेच मला लिहिता येतं."

"नवरापण दिसत नाही ना! मग तो नव्हताच, असं लिहा की!"

त्यांनी लिहिले, घरात पाणी शिरल्याची खूण नाही. मृत्यू खाडीत पाय घसरून. आता गल्लीत म्हणतात, प्यायला असेल. रतन पीत नव्हता. मुलगी मानसी सहा वर्षांची आहे. लताचे मागणे एवढेच, की मानसीच्या बापाला वादळाने नेले, असे सरकारी कागदात असावे. माझेही तेच.

हे मला वाचून दाखवले. मी बोललो तसेच उतरले आहे. सही करतेवेळी ठाण्याच्या दारात तलाठी उभे दिसले, एकटेच. हवालदारांनी विचारले, "तुमचं काय काम?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "यांचं झालं की माझंही लिहून घ्या."