सगळ्यांच्या मागे

औषधांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. एक निसर्गमंडळाची सेक्रेटरी, सहलीच्या पेटीसाठी बँडेज घ्यायला आलेली. दुसरी मंडळातल्याच एका सभासदाची बायको.

“वहिनी, रविवारी टेकडीवर भाऊ सगळ्यांच्या मागे चालणार. शिट्टीही त्यांच्याकडेच.”

“अगं, मागच्या सहलीत मुंग्या बघत बसले आणि दोन तास हरवले! सगळे शोधून शोधून दमलात. आणि त्यांनाच शेवटी?”

“म्हणूनच! शेवटचा माणूस आल्याशिवाय पुढच्यांनी वळण ओलांडायचं नाही, असा नियमच केलाय. आता बसू देत खुशाल मुंग्यांपाशी.”

“तरीच! काल बैठकीहून आल्यापासून शिट्टी गळ्यात आहे. जेवतानासुद्धा काढली नाही.”

“रागावले नाहीत ना?”

“छे! बढती मिळाल्यासारखे मिरवताहेत.”

“मग तुम्ही नेहमीसारख्या पुढे, माझ्याबरोबर ना?”

“नको गं. तीस वर्षं पुढे चालतेय आणि मागे वळून ‘आटपा लवकर’ म्हणतेय. या खेपेला मीही मागेच राहते. बघू तरी, तिथून एवढं काय दिसतं ते.”