वय दोनशे चाळीस, साखर ब्याऐंशी

...नाही नाही, माझंच चुकलं, मीच गाढव, घ्या! पण तुम्हाला सांगतो, सुरुवात साहेबांनी केली. आमची रक्त तपासायची लॅब. मशीन रक्त पितं आणि एक्सएमएलची फाईल ओकतं. त्या फाईलचा छापील रिपोर्ट करणारी स्टाइलशीट माझी. काय देखणी होती! 'रुग्णाचे-वय', 'रक्तातली-साखर'... शेंबडं पोरही वाचेल! फक्त एका रिपोर्टला चाळीस सेकंद लागायचे. साहेब सगळ्यांसमोर घड्याळ धरून उभे, "अहो कादंबरीकार, पळायला पाहिजे, वाचायचंय कुणाला?"

लागलं हो जिव्हारी! तीन आठवडे कत्तल केली... नावं छाटून अ१, अ२ केली, बारा टेम्प्लेटांची, म्हणजे सुट्या तुकड्यांची, एकात मोट बांधली, कुठली ओळ कशासाठी हे सांगणाऱ्या माझ्या टिपासुद्धा पुसल्या, का तर म्हणे तेवढंच हलकं होईल! टिपांनी कधी कुणाचा वेग अडलाय? पण नाही, पळायला पाहिजे, वाचायचंय कुणाला! चाळीसाचे झाले किती? छत्तीस!

आणि त्या धांदलीत अ१च्या जागी पडला अ२, अ२च्या जागी अ१. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, वय ब्याऐंशी, साखर दोनशे चाळीस. छापलं काय? वय दोनशे चाळीस, साखर ब्याऐंशी! म्हातारा खूश! वयाकडे बघतो कोण? दोन दिवस केक चापला, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आडवा. त्यांची लेक काउंटरवर कडाडली, "माझ्या बाबांना मारायला निघाला होतात का?" साहेबांचं बोट लगेच माझ्याकडे. "कुठली ओळ चुकली, दाखवा!" उघडली फाईल... आणि तुम्हाला सांगतो, मलाच वाचता येईना! अ१ म्हणजे कोण? माझा बाप की शेजाऱ्याचा?

मग माझ्या उरावर एक नवीन बाई आणून बसवल्या. त्यांनी माझी जुनी फाईल मागितली, चष्मा पुसला आणि गोड आवाजात, "अहो, वेळ कुठे जातोय ते आधी मोजलंत का?" मोजलं असतं तर! दोष एका ओळीचा हो, एका! दर तपासणीला पेशंट शोधायला अख्खी फाईल पहिल्यापासून चाळत होती. बाईंनी पुस्तकामागे असते तशी एक सूची करून ठेवली, नंबर दिला की पेशंट हजर. दोन सेकंद! बाकी सगळी नावं जशीच्या तशी, माझीच! आणि साहेब मला काय म्हणतात? "बघा, वाचायला किती सोपं! शिका जरा!" पळायला पाहिजे, वाचायचंय कुणाला, हे म्हणणारं तोंड कुठलं मग? पाठीमागचं?

मास्तर वाचले. मी मेलो. आता बाई लिहितात, मी तपासून सही करायची. रोज डोळ्यांत तेल घालून बसतो, आज चूक काढायचीच म्हणून... पण तुम्हाला सांगतो, काय लिहिते ती बाई! मेलं पहिल्याच वाचनात कळतं हो!