प्रकार : इतर

नाही, थांबा, तो शब्द परत म्हणा — हलगर्जीपणा म्हणालात ना? बरोबर ऐकलं मी, कान शाबूत आहेत माझे. तुम्ही सात तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेणार, या टेबलापाशी येऊन उभ्या राहणार, हा कागद माझ्यापुढे सरकवणार, आणि म्हणणार की आमची सूची हलगर्जीपणाने केलेली आहे. बसा. बसा हो, उभ्याने भांडता येत नाही मला, गुडघे दुखतात. एकोणीस वर्षं मी या खोलीत नोंदी करतेय. कागद हातात घ्यायचा, मऊ ब्रशने धूळ झाडायची, टाचणी गंजलेली असेल तर कागद न फाटता ती काढायची, स्कॅनरच्या काचेवर पान सरळ ठेवायचं, मग संगणकावर भरायचं — शीर्षक काय, लेखक कोण, साल कुठलं, पानं किती, प्रकार कोणता. असं दोन लाखांच्या वर झालंय. आणि तुम्हाला घरबसल्या पडद्यावर ते दिसतं तेव्हा वाटतं, आपोआप उगवलं.

प्रकार कोणता — सगळी गोम तिथेच आहे. हे बघा, इकडे या, पडदा फिरवते. ही यादी उघडली. प्रबंध, शोधनिबंध, अहवाल, पत्रव्यवहार, नकाशा, छायाचित्र, ध्वनिफीत, आकडेवारी, हस्तलिखित. आणि सगळ्यात शेवटी — इतर. ही यादी कुणी केली? मी नाही केली. वर एक समिती बसली होती, पाच जण, त्यातल्या एकानेही आयुष्यात कागदाचं खोकं उचललेलं नव्हतं. त्यांना वाटलं, जगात जे काही लिहिलं गेलं ते या नऊ प्रकारांत बसतं. मग माझ्यापुढे एका सुईणीची वही आली. चाळीस वर्षांची बाळंतपणं, प्रत्येक मुलापुढे फक्त एक रेघ — आडवी म्हणजे जगलं, उभी म्हणजे नाही. सांगा, हा अहवाल का आकडेवारी? एका शिंप्याचं मापांचं बाड आलं, त्यात एकाच माणसाची छाती, कंबर, दरवर्षी कमी कमी होत गेलेली, आणि मग तो माणूसच नाही. एका बोलीचे शब्द लिहिलेल्या सहा हजार चिठ्ठ्या आल्या, बुटांच्या खोक्यांतून — ती बोली बोलणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि चिठ्ठ्या लिहिणारा कोण, तर पोस्टात शिक्के मारणारा. दगडखाणीतल्या मुकादमाने सुरुंगाच्या वेळा कोळशाने लिहिलेली फळी आली, अख्खी फळी. कुठे टाकू? साहेबांना विचारलं — आमचे विभागप्रमुख, आता निवृत्त झाले — ते म्हणाले, बाई, नाही बसत ना, मग इतरमध्ये टाका आणि पुढे चला. टाकलं. चौदाशे नोंदी झाल्या अशा. दोन वर्षांपूर्वी नवीन संकेतस्थळ आलं, आणि ते बनवणाऱ्यांनी ठरवलं की इतर शोधात दाखवायचंच नाही, पानावर गिचमीड होते म्हणे. गिचमीड. त्या सुईणीने ज्यांना जगात आणलं ती माणसं गिचमीड. प्राध्यापकांचा प्रबंध मात्र पहिल्या पानावर झळकतो, फोटोसकट, आणि त्यातला अर्धा मजकूर कुठून आला, तर याच वह्यांमधून. तळटीपेत लिहितात — 'स्थानिक नोंदींवरून'. स्थानिक नोंदी काय झाडाला लागतात का हो?

तर हलगर्जीपणा कुणाचा ते आधी ठरवू या.

तुम्ही शोधून काढलीत कशी पण ही वहीची नोंद? म्हणजे शोधात दिसत नाही तर— काय म्हणालात? क्रमांक टाकून? एकेक? चौदाशेच्या चौदाशे उघडून पाहिल्यास तू? तू म्हटलं तर चालेल ना, माझ्या भाचीएवढी आहेस. किती दिवस लागले? बापरे. मला वाटलं होतं, कुणी एवढं करणार नाही.

बरं. पुराचा अभ्यास करतेयस. तो पूर. दुपारचा. चौकशीचा अहवाल वाचला असशील, तो तर सापडतोच, 'अहवाल' प्रकारात, चांगली जाड प्रत आहे, मीच स्कॅन केलीय, दोनशे बारा पानं, एकही वाकडं नाही. धरणातून पाणी सोडलं, पुलाजवळच्या चौकीवर पाणी मोजणारा कर्मचारी ड्युटीवर झोपला, त्याने भोंगा वेळेवर वाजवला नाही, खालच्या वस्तीतली तेवीस माणसं गेली. संपलं. आणि शेवटी परिशिष्टात पुराव्यांची यादी — 'चौकीवरील नोंदवही, एक, भिजलेली, अवाचनीय.' तू त्या एका ओळीचा माग काढत इथवर आलीस. आणि माझ्या नोंदीत काय सापडलं? शीर्षक नाही, लेखक अज्ञात, प्रकार इतर, पानं एकशे साठ, आणि स्कॅन फक्त मुखपृष्ठाचं. आणि शेऱ्यात मीही तेच लिहिलंय — अवाचनीय. म्हणून तू मला हलगर्जी म्हणालीस.

अवाचनीय नाहीये ती. कडा भिजल्यात, शाई थोडी पसरलीय, बाकी छापल्यासारखं अक्षर आहे. चौकशी समितीला वाचता येत नव्हतं असं नाही, त्यांना वाचायचं नव्हतं. त्या दिवशीच्या पानावर चार फोन लिहिलेत. एक वाजून वीस, एक पस्तीस, एक पन्नास, दोन. चारही वेळा धरणावरच्या कचेरीत. पाण्याची उंची दर वेळी पुढे लिहिलेली. आणि चारही वेळा शेवटी एकच — उचलला नाही. कसा उचलतील, तिकडे मोठ्या साहेबांचा निरोपसमारंभ चालू होता, सगळा कर्मचारीवर्ग वरच्या सभागृहात. धरणाचे दरवाजे समारंभाला जाण्याआधीच उघडून ठेवलेले, खाली कुणाला कळवायचं ते राहून गेलं. समारंभाचं मागाहून कळलं, फोन मात्र त्या पानावर आहेत. चार ओळींत. ही वही वाचता आली असती तर किती खुर्च्या रिकाम्या झाल्या असत्या, कर हिशोब. त्यापेक्षा भिजली म्हणणं सोपं. आणि मोजणारा माणूस पण असा, की स्वतःच म्हणाला मला झोप लागली. स्वतःहून. समितीने विचारायच्या आधी. त्यांचं काम केलं त्याने.

अकरा वर्षांपूर्वी ते खोकं आलं इथे, चौकशीच्या कागदांचं. मला माहीत नव्हतं वही जिवंत आहे. उघडलं, सगळ्यात खाली हीच. मुखपृष्ठावरचं अक्षर बघितलं आणि ओळखलं, माझ्या शाळेच्या वह्यांवर त्याच अक्षरात माझं नाव असायचं.

हो. बाबा.

तोंड उघडं टाकू नकोस, ऐक. नोकरी गेली, मग ते सायकली दुरुस्त करत बसले, घराच्या पायरीवर. आम्ही त्या गावातून हललोही नाही, आई म्हणायची जाऊ या, ते म्हणायचे, नाही, इथेच. लोक त्यांच्याकडे सायकल टाकायचे आणि बोलायचे नाहीत, नुसतं चाकाकडे बोट दाखवायचे. मला शाळेत झोपाळूची पोर म्हणायचे. माझ्या बाकावर शेजारी बसणारी मुलगी त्या तेविसांत होती. तिच्या आईने मला तिचं दप्तर दिलं पुढे, तुला वापरायला घे म्हणाली — का दिलं असेल, अजून कळत नाही मला. मी सतरा वर्षांची असताना एकदा बाबांना म्हटलं, तुम्ही त्या दिवशी जागे असतात तर ती आज माझ्याबरोबर कॉलेजात असती. चेन बसवत होते ते. वर बघितलं नाही. नुसतं म्हणाले, "हो." एवढंच. हो. आणि मी त्यानंतर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. ते गेले तोवर. चौदा वर्षं, कामापुरतंच.

आणि मग ही वही.

'इतर'मध्ये साहेबांनी टाकायला लावलं असं म्हणाले मी मघाशी? बाकीच्या चौदाशेंचं खरं आहे ते. हिचं नाही. साहेब तर म्हणाले होते, ही पाण्याची उंची आहे ना, सरळ 'आकडेवारी'त टाका, अभ्यासकांना हवी असते. मीच म्हटलं, वाचता येत नाही. मीच शीर्षक रिकामं ठेवलं. वडिलांच्या नावाच्या जागी अज्ञात लिहिलं, या हाताने, इथेच, याच खुर्चीत बसून. मग एक मुखपृष्ठ स्कॅन करून खोकं बंद केलं. अकरा वर्षं मी त्या चौकशी समितीला शिव्या घालतेय आणि तेच केलं मी.

का म्हणून काय विचारतेस. दोननंतरची ओळ वाचलीस की कळेल. नाही, सांगते, नाहीतर तू वाचशील आणि तुझं तू काहीतरी ठरवशील. चार फोन झाले की पाचव्यांदा फोन करायचा नाही, भोंगा वाजवायचा, असा नियम होता. हाताने फिरवायचा भोंगा, चौकीतच होता, दहा पावलांवर. त्या वहीत लिहिलंय — दोन वाजून पाच, भोंगा वाजवला नाही, घरी गेलो, मुलगी एकटी. आणि पुढची ओळ — तीन दहा, परत आलो, मोजपट्टी पाण्याखाली, भोंगा वाजवला. बस. मी नऊ वर्षांची होते. आई पलीकडच्या तीरावर इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला, आणि मी उंडारू नये म्हणून बाबा सकाळी जाताना बाहेरून कडी घालून जायचे. कडी, कळलं? भोंगा ऐकून सगळी वस्ती पळाली असती आणि मी आतून दार बडवत बसले असते. ते आले, मला खांद्यावर घेतलं, वाटेत ओरडत गेले, लोकांना सांगत गेले पाणी येतंय — पण ओरडून किती जणांना ऐकू जाणार. टेकडीवरच्या शाळेत मला ठेवलं आणि उलटे पळाले. मला ते आठवत होतं, आयुष्यभर आठवत होतं. पण मी धरून चालले होते की झोपेतून जागे झाले आणि घाबरून आले. झोपलेच नव्हते ते. एक मिनिट झोपले नव्हते.

आणि समितीपुढे झोप लागली म्हणाले. कारण दुसरं काही म्हणाले असते तर मी त्या गावात तेवीस माणसांच्या बदल्यात वाचलेली पोर म्हणून वाढले असते. झोपाळूची पोर परवडली. मला विचारलं नाही. मला ठरवू दिलं नाही. मला सतरा वर्षांची असताना ते वाक्य बोलू दिलं आणि वर हो म्हणाले. मला राग येतो, अजून येतो, कुणाचा ते नको विचारूस, क्रमाने लावता येत नाही मला तो. त्या कचेरीतल्या लोकांचा येतो, समितीचा येतो, आणि कधी कधी बाबांचा सगळ्यांत जास्त येतो. दहा पावलं होती गं. भोंगा पाच मिनिटं फिरवून मग धावले असते तर? मी मोजून बघितलंय, किती वेळा. पाच मिनिटांनी ते माझ्यापर्यंत पोचले असते की नाही, कुठल्याच नोंदीत सापडत नाही.

वही उघडी केली तर ते चार फोन दिसतील आणि बाबांवरचा झोपेचा डाग जाईल. आणि त्याच पानावर पाचवी ओळ दिसेल. पान फाडून अर्धं दाखवता येत नाही. तसं करावंसं मला वाटलं नाही असं समजू नकोस, कात्री हातात घेतली होती. मग इतर.

आता काय बघतेस माझ्याकडे. माझ्या बाकावरच्या त्या मुलीची आई गेल्या वर्षी गेली. आता त्या वस्तीतलं कुणी मला ओळखणारं उरलं नाही. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय, माझ्या जागी जो कुणी येईल तो पहिल्याच आठवड्यात ते खोकं तळघरात पाठवील. तू चौदाशे नोंदी उघडल्यास. दुसरं कुणी येणार नाही.

ही घे. त्या खोक्यात नव्हती, इथेच होती, माझ्या खणात. कापडातून काढ, पानं खालच्या कोपऱ्याने उलट, बोट ओलं करू नकोस. खिडकीजवळच्या टेबलावर बस, उजेड चांगला आहे. सगळ्या पानांचे फोटो घे, सगळ्या, एकही वगळायचं नाही, त्या पानाचा तर दोनदा घे. बाबांचं नाव कागदावर लिहून ठेवलंय, जाताना देईन, प्रबंधात नीट लिही, 'स्थानिक नोंदी' लिहिलंस तर बघ. आणि वाचून झालं की माझ्याकडे येऊन काही बोलायचं नाही, ना वाईट वाटलं, ना काही. वही टेबलावर ठेवायची आणि निघायचं. मी बाहेर व्हरांड्यात बसते. जा.