मांजराचं चित्र

बायको : …काही नाही डॉक्टर, सोंग आहे आमच्या ह्यांचं. मेंदूज्वर उतरून दोन महिने झाले. आता कसलं आजारपण!

डॉक्टर : काकू, ते समोरच बसलेत.

बायको : बसू देत. मुलीनं मनाजोगतं लग्न केलं, मी तिची बाजू घेतली, त्याचा राग काढतायत. काही विचारलं की, “कळत नाही.”

डॉक्टर : काका, हे चित्र कशाचं?

सुतार : रंधा. पातं उलटं काढलंय पण. असा चालवला तर लाकडाची वाट लागेल.

डॉक्टर : आणि हे?

सुतार : पटाशी. अर्ध्या इंचाची.

डॉक्टर : हे?

सुतार : हे… जनावर आहे काहीतरी.

बायको : बघितलंत? मांजर आहे हो! नऊ वर्षं स्वतःच्या बशीतलं दूध पाजलंय घरातल्या मांजरीला. पटाशी बरी आठवते, तीही इंचासकट!

डॉक्टर : होतं असं. शब्दाचा अर्थ मेंदूत एकाच जागी नसतो. हत्यारांचा अर्थ हाताच्या सवयीशी बांधलेला असतो. रंधा म्हणताना त्यांचा हात पुढे सरकला, पाहिलंत? प्राणी आपण जास्त करून रंगरूपावरून ओळखतो. तापानं नेमका तो भाग गेलाय.

बायको : सोयीचा बरा गेला!

डॉक्टर : नुसतं नाव नाही विसरलेत ते. मांजर म्हणजे काय, हेच पुसलं गेलंय.

बायको : मी विचारू? लबाडी आत्ता बाहेर काढते. अहो, इकडे बघा. मांजर अंडी घालते ना?

डॉक्टर : काकू, असं नका…

बायको : थांबा हो. आता कसे उसळतात बघा. सांगा, घालते ना?

(सुतार चित्र हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो.)

सुतार : घालत असेल.

बायको : काय म्हणालात?

सुतार : तू म्हणतेस तर घालत असेल. तुला माहीत असणार.

डॉक्टर : काकू… पाणी देऊ?

बायको : तीस वर्षांत माझ्या एका शब्दाला हो म्हटलं नाही हो या माणसानं. भाजीत मीठ घातलंय म्हटलं, तरी आधी चाखून बघायचे.

डॉक्टर : बसा जरा.

बायको : अहो, नाही घालत. मांजर अंडी नाही घालत. खोटं बोलले मी, मुद्दाम. ओरडा ना माझ्यावर!

सुतार : बरं. नाही घालत.