आधी कोन आलं

माझं गाव तिकडं परभनीकडं, जिंतूरच्या बी पुढं आत, नाव सांगितलं तरी तुमाला सापडायचं न्हाई. आमच्यात शिक्षनाला लई मान, आमचा बाप रोज म्हनायचा पोरीनू शिका, पन माझ्या पाठीवर चार भावंडं, ती कुनी सांभाळायची, म्हनून माझी शाळा दुसरीतच सुटली. लगीन झालं आन् तुर्भ्याला आले. मालक कंपनीत व्हते, मग कंपनी बंद पडली, मग मालक बी गेले, ते जाऊ द्या ताई, ते सांगत बसले तर कोर्टाचं ऱ्हाईल आन् तुमी तर ह्या खेळायच्या कोर्टाचं इचारायला आलाव.

तर ठेकेदाराच्या मानसानं मला ह्या सानपाड्याच्या बागेत सफाईला लावलं. पयल्या दिवशी झाडत झाडत मागं आले तर ही मोठी फरशी, भवतीनं तारेची जाळी, आन् मधी एक जाळी बांधलेली. मला वाटलं हॉलीबॉलची हाय. गावाकडं पोरं खेळायची ना हॉलीबॉल, तेवढं म्हाईत. मी वॉचमनला म्हनलं, अरे ही एवढी खाली कुनी बांधली, खांब खचले का काय. तो म्हनला, टेनिसची हाय ती, आन् अजून हासतो. त्या गोस्टीला सतरा वर्सं झाली. माझे केस तवा काळे व्हते, गुडघे बरे व्हते. आता खाली बसले की उठायला जाळी धरावी लागती.

काम काय इचारता, पहाटं उठायचं, पावनेसहाला गेट उघडायचं, त्याच्या आधी पाला काढायचा. बदामाची झाडं हाईत ना तिकडं कडंला, त्याचं पान पडलं आन् कुनाचा पाय त्याच्यावर पडला की मानूस गेलाच घसरून. पावसाळ्यात पानी पुसायचं. ते एकटीचं काम न्हाई, पन तुमाला सांगते, मला कधी एकटीला पुसू दिलं न्हाई ह्या लोकांनी. बँकेतले सायब, दाताच्या डॉक्टर मॅडम, मार्केटातला टेम्पोवाला पांडू, समदे वायपर घेऊन, कुनी पोतं घेऊन, पुसायला लागायचे. पांडूची रॅकेट कुनीतरी दिलेली जुनी, पन तो सायबाला ओरडायचा, अहो तिकडं डबकं राह्यलं, दिसत न्हाई का. आन् सायब पुसायचे. असं मी दुसरीकडं कुठं पाह्यलं न्हाई.

आता नंबराचं सांगते. कोर्ट एक आन् खेळनारे वीस, तर करायचं काय? तर ह्यांची रीत अशी, की आला की आपली रॅकेट कडंच्या तारेच्या जाळीला अडकवायची, गेटापासून वळीनं. पयल्या चार रॅकेटी पयला खेळ, पुढच्या चार दुसरा खेळ. सहा गेम झाले की उतरायचं आन् रॅकेट पुन्हा शेवटाला. तू कोन, कुठं कामाला, कुनी इचारायचं न्हाई. रॅकेट इचारायची फक्त.

पन मानसं म्हनल्यावर भांडनं आलीच. मी आधी आलो, न्हाई मी आधी, तुझी रॅकेट कुनी सरकवली. आन् त्या येळेला पयल्यापासून तिथं हजर कोन? तर मी. झाडू घेऊन. कोन कवा आलं, कोन कुठल्या गेटानं आलं, समदं माझ्या डोळ्यादेखत. म्हनून एकदा डॉक्टर मॅडम म्हनल्या, भांडता कशाला, सुमनताईंना विचारा. मी सांगितलं. भांडन मिटलं. तवापासून तेच झालं, काय बी झालं की सुमनताईला विचारा. काय सांगू तुमाला, माझ्या बापाला गावात कुनी काय इचारलं न्हाई, मला सासरी कुनी काय इचारलं न्हाई, घरात आता लेक सून बी इचारत न्हाईत, भाजी कुठली करायची ते सुदीक. आन् हितं ही शिकलेली मानसं, गाड्यांतून येनारी, भांडत भांडत माझ्याकडं बगायची आन् मी म्हनलं अमुक आधी, की गप. मला लई बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

त्यात एक सावंतकाका. मूळचे कोकनातले, गोदीत क्लार्क व्हते, रिटायर झाले. चौऱ्याहत्तर वय, पन चेंडू असा हळू टाकायचे की पळनारा मानूस दमायचा. काकू बी संगट यायच्या, बागेत दोन चकरा मारून बाकड्यावर बसायच्या. मी तवा हजेरीच्या मस्टरवर अंगठा द्यायचे. काकूंनी ते पाह्यलं आन् म्हनल्या, ए सुमन, इकडं ये. रोज दहा मिंटं, त्या बाकड्यावर, माझा हात धरून मला सही शिकवली. पयल्यांदा मस्टरवर सही केली तवा सुपरवायजर म्हनला, ही कुनाची? मी म्हनलं, माझी.

मग काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. एक अंग गेलं, वाचा गेली. रातीला सांभाळायला बाई ठिवली, ती सकाळी साडेसातला जायची. काका पहाटं काकूंचं समदं करून, पुसून, भरवून निघायचे, तर कोर्टावर यायला सव्वासहा व्हायचे. तवर जाळीवर अकरा-बारा रॅकेटी. त्यांचा नंबर यायच्या आत सव्वासात वाजायचे आन् काका रॅकेट काढून निघायचे. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. नुसते यायचे, बसायचे, जायचे. मला म्हनायचे, अगं त्या घरात दिवसभर बसून असतो, हा एक तास मिळतो मला, तेवढ्यात चार चेंडू मारले की दिवस निघतो. असं म्हनले आन् डोळे पुसले त्यांनी. मी पाह्यलं ते.

मग मी काय केलं. काका गेटातून आले की पुढं व्हायचे, द्या काका रॅकेट, मी लावते. ते बाकड्यावर बसून गुडघ्याला पट्टे बांधायचे, त्याला येळ लागायचा. तवर मी रॅकेट न्यायचे आन् आठव्या जागी लावायचे. बाकीच्या एक एक घर मागं सरकवायच्या. खेळनारे खेळत असायचे, बाकीचे गप्पा मारत असायचे, कुनाचं ध्यान नसायचं. काका इचारायचे, कितवा नंबर? मी म्हनायचे, ह्याच्या पुढच्या खेळात तुमी. ते हासायचे. म्हनायचे, आजपन लवकर लागला, गर्दी कमी झाली वाटतं. त्यांना म्हाईत नव्हतं ताई. म्हाईत असतं तर त्यांनी हातसुदीक लावला नसता, तसला मानूस न्हाई तो.

पन आठवा नववा झाला की त्याचा खेळ गेला ना. ते मला कळत व्हतं आन् कळत नव्हतं. अमित म्हनून एक पोरगा हाय, कंप्युटरचं काम करतो, आधी हितंच ऱ्हायचा भाड्यानं, मग करंजाड्याला फ्लॅट घेतला. तिकडून स्कूटरवर यायचा, कारन त्याचे मैतर समदे हितं. एवढ्या लांबून यायचा आन् सहाच्या दरम्यान पोचायचा, म्हंजे सातवा नायतर आठवा. आन् त्याला हापिस. तिसऱ्या खेळाला तो थांबू शकायचा न्हाई. माझ्या हातानं मी त्या लेकराला कितीदा न खेळता परत लावलं, ते मी मोजलं न्हाई. त्यानं मोजलं व्हतं.

एक दिवशी तो जाळीपाशी उभा राह्यला, मोजलं, आठवा. बाटली भरायला गेला. आला तर नववा. मोठ्यानं म्हनला, हे काय चाललंय? समदे जमले. पांडू आला, मॅडम आल्या, खेळनारे बी थांबले. अमित म्हनला, काकांची रॅकेट माझ्या आधी कशी? मग नेहमीसारखं समद्यांनी माझ्याकडं पाह्यलं. सुमनताई, तुम्ही सांगा, आधी कोण आलं?

माझ्या हातात झाडू व्हता. मी म्हनलं, काका आधी आले. रॅकेट माझ्यापाशी दिली आन् चक्कर मारायला गेले व्हते.

एवढ्या वर्सांत कोर्टावर मी खोटं बोलले ते तेवढंच. आन् समद्यांनी मान हालवली ताई, अमितनं बी. म्हनला, ठीक आहे, सुमनताई म्हणतात म्हणजे असेल. तिथं संपलं असतं. पन काका बाकड्यावर पट्टा बांधत व्हते, ते वर बगून म्हनले, नाही गं सुमन, मी आत्ता आलो, पाच मिनिटं नाही झाली.

मला वाटलं कुनी ओरडावं, शिवी द्यावी, कायतरी करावं. काकांनी एकदा जाळीकडं पाह्यलं, एकदा माझ्याकडं, आन् त्यांना समदं कळलं. उठले, अर्धवट पट्टा तसाच, आपली रॅकेट काढली आन् शेवटाला नेऊन लावली. अमित म्हनला, काका राहू द्या, तुम्ही खेळा. काका म्हनले, नको. सव्वासातपतोर बसले आन् गेले.

मॅडम मग मला बाजूला घेऊन म्हनल्या, अहो ताई, आम्हाला सांगायचं ना, आम्ही सगळ्यांनी मिळून काकांना रोज दुसऱ्या खेळात घेतलं असतं. बगा. एवढं सोपं व्हतं. मला वाटलं जाळीवरचा नंबर म्हंजे माझं काम, मीच बगायचं. एका शब्दात झालं असतं ते मी चोरून करत बसले. मॅडमनी काकांना तसं सांगितलं बी, तुमचा दुसरा खेळ ठरलेला. पन आता काका ऐकतात व्हय. म्हनले, मेहेरबानीचा नंबर नको मला. पंधरा-वीस दिवस आले, शेवटाला रॅकेट लावायचे, सोत्ताच्या हातानं, माझ्या हातात देत नव्हते, आन् तशीच काढून न्यायचे. मग यायचेच बंद झाले.

संध्याकाळी मातर येतात कधी कधी, चकरा मारायला, रॅकेट न्हाई. एकदा माझ्यापाशी थांबले. म्हनले, तू माझ्यासाठी केलंस, कळलं मला, पण विचारायचं होतंस. मी म्हनलं, तुमी नको म्हनला असता. म्हनले, हो, नको म्हटलं असतं. मी म्हनलं, म्हनून तर इचारलं न्हाई काका. मग मी काकूंचं इचारलं. म्हनले, आहे तशीच आहे.

आता नंबर फोनवर. आदल्या दिवशी ग्रुपवर नाव टाकायचं, अमितनं केलंय ते. वाईट न्हाई हो अमित, मला अजून दिवाळीला फराळ आनून देतो, ताई पाय कसा हाय म्हनून इचारतो. समदे इचारतात. चहा आनला तर मला आधी. पन जाळी मोकळी पडली, रॅकेटी आता पिशवीतच असतात. मी झाडते, मधली जाळी बांधते, पानी पुसते. अजून दोन वर्सं काढीन, मग गुडघे काय ऐकायचे न्हाईत. थकले आता.

ह्या सोमवारचीच गोस्ट सांगते. फोनवरच्या यादीत कायतरी घोळ झाला, दोघांची नावं एकाच जागी आली. दोघं नवीन, मला त्यांची नावं बी म्हाईत न्हाईत. मी आधी आलो, न्हाई मी आधी आलो, सुरू झालं. मी चार पावलांवर झाडू घेऊन उभी. निळ्या टी-शर्टवाला आधी आला व्हता, गेटाजवळ त्यानं चप्पल काढून बूट घातले, मी पाह्यलं व्हतं. मी झाडू थांबवला. म्हनलं आता इचारतील.

पांडू बी व्हता तिथं, मॅडम बी व्हत्या. मॅडमनी एकदा माझ्याकडं पाह्यलं, मग नजर काढून घेतली. पांडू म्हनला, भांडू नका, रॅकेट फिरवा. एकानं रॅकेट जमिनीवर उभी धरून गरकन फिरवली, ती पडली, दुसऱ्याचा नंबर लागला. निळ्या टी-शर्टवाला बिचारा गप बाजूला झाला. त्याच्या वाटचा खेळ गेला.

मी काय बोलले न्हाई. कुनी इचारलं नव्हतं ना. खेळू द्या, सुखी राहू द्या समद्यांना. मी आपली बदामाची पानं गोळा केली.