रोज सकाळची बातमी

धाकटा: मग हे आकडे कसले, ते तरी सांग. ‘दोन तास चाळीस’, ‘दोन तास दहा’, ‘दोन तास पंचवीस’... दुधाचे म्हणावेत, तर दूध काही कोणी तासांत मोजत नाही. कॅलेंडरचा एक चौकोन सोडला नाहीस, ताई.

ताई: हळू बोल. बाबा उठायला अजून वीस मिनिटं आहेत. आणि तो चष्मा होता तिथे ठेव बघू.

धाकटा: कोणाचा आहे?

ताई: आईचा. काच पुसू नकोस, तसाच ठेव.

धाकटा: ठेवला. बोल आता. काल रात्री जहाजावरून आल्यापासून बघतोय, तू काहीतरी लपवतेयस.

ताई: लपवत नाही. कुठून सुरू करावं, ते कळत नाही. हे बघ, बाबा रोज सकाळी उठले की पहिला प्रश्न विचारतात, ‘ही कुठे आहे?’ मी सांगते, ‘आई गेली, बाबा.’ तिथून मी घड्याळ लावते.

धाकटा: रोज?

ताई: रोज. झोपले की पाटी कोरी. सकाळी पुन्हा ‘ही कुठे आहे?’

धाकटा: म्हणजे आठ महिने तू रोज त्यांना... अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? माणसाची बायको एकदा मरते. तू बाबांची बायको दोनशे वेळा मारलीस!

ताई: दोनशे एकतीस.

धाकटा: आणि वर मोजतेस!

ताई: पंचवीस वर्षं प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलंय. मोजल्याशिवाय माझा माझ्यावरसुद्धा विश्वास बसत नाही.

धाकटा: सांग ना, मावशीकडे गेलीय म्हणून. संध्याकाळी येईल म्हणून. एक साधं खोटं बोलता येत नाही? बाबांनी शिकवलं म्हणून सत्यवचनाचा झेंडा मिरवायचाय का तुला?

ताई: पहिले बारा दिवस खोटंच बोलले, शहाण्या. मावशीकडे गेलीय, हेच. ऐकायचंय काय झालं ते? शर्ट-पँट घालून, केस विंचरून दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. लिफ्टचं दार वाजलं की उठून उभे. या इमारतीत लिफ्टचं दार दिवसातून किती वेळा वाजतं, ते मी तेव्हा शिकले. पुढे ताट ठेवलं की म्हणायचे, ‘ती येऊ दे.’ बाराव्या दिवशी उठता उठता तोल गेला आणि पडले. तुझं साधं खोटं ते हे. दिवसभर वाट बघायला लावायची, आणि रात्री वाट बघतच झोपवायचं.

धाकटा: मला हे कोणी सांगितलं नाही.

ताई: तू विचारलंस कधी? फोनवर ‘बाबा कसे आहेत?’ ‘बरे आहेत.’ ‘आवाज येत नाही, ठेवतो.’ संपलं.

धाकटा: तेराव्या दिवशी खरं सांगितलंस?

ताई: हो. भिंतीवर डोकं आपटून घेतलं त्यांनी. मी उशी मध्ये धरली होती. दोन तास चाळीस मिनिटं. तो पहिला आकडा.

धाकटा: काय होतं त्या दोन तासांत? आणि संपतं कुठे? तू घड्याळ थांबवतेस कधी?

ताई: रडतात. लहान मुलासारखे, तोंड उघडं टाकून. मग रडता रडता कधीतरी पाठ ताठ होते. विहारात रविवारी लोकांना शिकवायचे ना, तशी. डोळे मिटतात. तोंडातल्या तोंडात म्हणतात, ‘आलं... आहे... जातंय.’ पुन्हा हुंदका. पुन्हा ‘आलं, आहे, जातंय.’ असं होत होत एकदा डोळे उघडतात आणि मला विचारतात, ‘तू काही खाल्लंस का?’ तिथे थांबवते मी घड्याळ. मग दिवसभर शांत असतात. पुन्हा विचारत नाहीत.

धाकटा: तुला ओळखतात?

ताई: ‘ताई’ म्हणतात. मुलगी म्हणून म्हणतात, की कोणत्याही बाईला म्हणावं तसं, ते मी विचारत नाही. ते जाऊ दे. आकडे वाच पुढचे. मोठ्याने नको.

धाकटा: एक तास पन्नास... दीड तास... हा मधला महिना जवळजवळ सगळा तासाच्या आत. पंचेचाळीस. बेचाळीस. हे काय, मध्येच पुन्हा सत्तर?

ताई: ताप होता त्यांना.

धाकटा: तीस... बावीस... अकरा... काल नऊ. नऊच? मिनिटं?

ताई: मिनिटं.

धाकटा: कंटाळले असतील ऐकून ऐकून.

ताई: ज्याला आठवतच नाही, तो कंटाळेल कशाने?

धाकटा: तू सांगायची पद्धत बदलली असशील. हळुवार, टप्प्याटप्प्याने...

ताई: शब्द तेच. खुर्ची तीच. चहाच्या आधी, तोंड धुतल्यावर. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मलाही तुझ्यासारखीच शंका होती ना! पुन्हा पुन्हा तपासलं. डॉक्टर म्हणाले होते, आता हे नवीन काही शिकणार नाहीत. काल भेटलेल्याचं नाव सांगता येत नाही, तारीख नाही, स्वतःचं वय नाही. मी हे आकडे नेऊन दाखवले, तर ते चष्मा काढून पुसतच बसले.

धाकटा: मग औषधांनी रडणं कमी झालं असेल.

ताई: रडणं कमी झालेलं नाही रे, तेच तर सांगतेय! सुरुवातीला मला वाटलं, आईला विसरत चालले. तसं असतं तर मी हाय खाल्ली असती. पण नाही. रडतात तेवढंच, तितकंच आतून. त्यात अडकून पडणं कमी झालंय.

धाकटा: ताई, तू सारखी घड्याळाकडे बघतेयस.

ताई: रोज या वेळेला बघते. धास्तीने नाही. कसं सांगू? माझ्या समोर एक माणूस बसतो. काल काय झालं ते त्याला ठाऊक नाही. परवाचं ठाऊक नाही. तरी कालच्या दिवसाने त्याला आज बदललेलं असतं. आठवण रात्रीच्या पलीकडे जात नाही, नाव जात नाही, मी कोण ते जात नाही. आणि तरी काहीतरी जातं. रोज रात्री तो माणूस संपतो आणि सकाळी जो उठतो तो थोडा पुढून सुरुवात करतो. अंगावर काटा येतो माझ्या. हा बघ.

धाकटा: सवय आहे ती. एवढं काही गूढ नाही त्यात. आमच्या जहाजावर एक म्हातारा फिटर होता. त्याला बंदराचं नाव आठवायचं नाही; पण हातात पाना दिला की बरोबर त्याच नटावर जायचा. शरीराची सवय. बाबांनी जन्मभर डोळे मिटून तेच केलं. दुसरं काही नाही.

ताई: बरोबर. सवयच. दुसरं काही नाही. मग बाबा तरी आणखी काय म्हणत होते?

धाकटा: म्हणजे?

ताई: कॉलेजात असताना त्यांच्याशी हमरीतुमरीवर यायचास, ते विसरलास? ‘आत्मा नाही म्हणता, मग पुढचा जन्म घेतो कोण? उगाच लोकांना टोप्या घालू नका!’ भर विहारात. आईने पदराआड तोंड लपवलं होतं.

धाकटा: हसत होती ती. मी बघितलं होतं.

ताई: बाबांनी काय उत्तर दिलं होतं?

धाकटा: त्यांचं नेहमीचं, गाडीचं. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार! ‘माझ्याकडची मुलं परीक्षेला दुसऱ्या गाडीत बसतात. माझी गाडी तिथे जात नाही, मी जात नाही, आपल्या गल्लीतला एक खड्डासुद्धा जात नाही. पण चढावर गाडी मागे सरकायला लागली की पाय बरोबर हलतो. आता तू सांग, काय गेलं?’

ताई: आणि तू?

धाकटा: मी म्हणालो, हे काही उत्तर नाही.

ताई: मलाही तसंच वाटायचं. रविवारी त्यांच्या मागे सतरंज्या उचलायला जायचे, म्हणून ऐकायचे इतकंच. आता रोज सकाळी ते उत्तर माझ्यासमोर खुर्चीत बसतं, रडतं आणि सावरतं. मी नुसती बघत राहते.

धाकटा: आणि आकडा शून्यावर आला तर?

ताई: एकदा कोणीतरी त्यांना विचारलं होतं, मुक्ती म्हणजे काय हो, गुरुजी? म्हणाले, ‘मी अजून शिकाऊच आहे. फक्त एवढं कळतं, की दरवेळी ब्रेक थोडा कमी दाबावा लागतोय.’ शून्याचं मला विचारू नकोस. काल नऊ लिहिण्याआधीच मी तीनदा घड्याळ तपासलं.

धाकटा: सगळं खरं असेल तुझं. तरी मला हे बघवणार नाही. दहा दिवस आहे मी. हे दहा दिवस त्यांना रडवायचं नाही. आज मी सांगणार, मावशीकडे गेली म्हणून. त्यांना गप्पांत गुंतवीन, गच्चीवर नेईन. दाराजवळ बसूच देणार नाही.

ताई: दहा दिवस वाट बघायला लावशील आणि मग जहाजावर निघून जाशील. आणि या दोनशे एकतीस दिवसांत जे काही साठलंय ते राहील का, मला माहीत नाही. मोडलं तर पुन्हा जोडता येईल का, तेही माहीत नाही. ती भीती आहे माझी. पण तू मुलगा आहेस. तुझाही हक्क आहे. सांग तू आज.

धाकटा: असं रडवेलं तोंड करू नकोस.

ताई: एक विचारू? तू एकदा तरी म्हणालायस का?

धाकटा: काय?

ताई: ‘आई गेली’, असं. काल आल्यापासून ऐकतेय. ‘ते झालं तेव्हा’, ‘त्या वेळी’, ‘त्यानंतर’. शब्द काही तोंडातून निघत नाही तुझ्या.

धाकटा: कोणाला म्हणणार? तुझा फोन आला तेव्हा इंजिनरूममध्ये होतो. तिथे शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. तू काय म्हणालीस ते तीनदा विचारलं मी. मग कळलं. मग पंप बंद पडला होता, तो बघायला गेलो. जमीन अठरा दिवस लांब होती, ताई. नंतर म्हणायची वेळच आली नाही.

ताई: उठले. चपला वाजल्या. आता तू जाणे.

(बाबा तोंड पुसत बाहेर येतात आणि रोजच्या खुर्चीत बसतात. धाकटा त्यांच्यासमोर उभा.)

बाबा: तुम्ही शिकायला आलात का? आज गाडी नाही हं. आज रविवार.

धाकटा: नाही, मी... हो. उद्या येईन.

बाबा: या. चप्पल नको, बूट घालून या. पेडल कळत नाही चपलेत. ताई, ही कुठे आहे? स्वयंपाकघरात दिसली नाही.

धाकटा: आई... म्हणजे त्या मावशींकडे गेल्यात. संध्याकाळपर्यंत येतील.

बाबा: असं? मला न सांगता?

धाकटा: तुम्ही झोपला होता.

बाबा: बरं बरं. मग चष्मा कसा काय इथे राहिला?

धाकटा: विसरल्या असतील.

बाबा: चष्म्याशिवाय तिला बसचा नंबर दिसत नाही हो. समोरच्या माणसाला विचारायला लाजते. स्टॉपवर उभी असेल. एकेक बस सोडत असेल. तुम्ही तरुण आहात, जरा हा चष्मा तिला नेऊन देता का? निळी साडी असेल. नाहीतर थांबा, मीच येतो. माझा शर्ट दे गं, ताई.

धाकटा: बाबा, बसा.

बाबा: अहो, ती उन्हात उभी असेल!

धाकटा: नाही. नाही उभी कुठे. स्टॉपवर नाही ती. बाबा, आई गेली.

बाबा: काय म्हणालात?

धाकटा: आई गेली, बाबा. आई गेली. मी नव्हतो. आई गेली.

बाबा: ताई, हे काय म्हणतायत? खरं?

ताई: खरं, बाबा.

बाबा: कधी?

ताई: आठ महिने झाले.

बाबा: मी कुठे होतो?

ताई: तिच्याजवळ. तुमच्या हातात हात होता तिचा.

बाबा: अगं... अगं, मला सोडून... मला न सांगता... थांब. थांब जरा. छातीत काहीतरी आलंय. मोठं आहे. धरू नकोस मला, ताई. येऊ दे. आलं... आहे... आहे अजून... आहे... जातंय.

ताई: बाबा, पाणी देऊ?

बाबा: नको. पुन्हा आलं. तिचे हात गार पडायचे थंडीत, ते आलं. आहे... जातंय. जातंय. जाऊ दे. ताई, हे कोण रडतंय?

ताई: ते होय? ते...

बाबा: जमिनीवर का बसलेत? अहो, ऐकलंत का? एवढं कोण गेलं तुमचं?

धाकटा: आई.

बाबा: आई. अरे रे. कधी?

धाकटा: आठ महिने झाले. पण मला... मला आजच कळलं.

बाबा: मलाही आजच कळलं. माझी बायको. उठा, या इथे, खुर्ची ओढून घ्या. दोघं बसू थोडा वेळ.