तिसरं पाणी

ओक-बुन: असं वरवर नाही हो मॅडम. पान न् पान उघडून धुवायचं. मीठ बुडख्यापाशी दडून बसतं. आणि ते रबरी हातमोजे घाला बघू, बोटं आखडतील.

हे-रांग: ओकबुनताई, मी कोबी धुवायला नाही आले.

ओक-बुन: ते कळलंच मला. तीन वर्षांत एक फोन नाही, आणि नेमक्या किमचीचं लोणचं घालायच्या दिवशी प्रोफेसरीणबाई दारात! तरी हात रिकामे कशाला ठेवायचे? साठ कोबी आहेत. सून बारा वाजता येते म्हणाली, म्हणजे दोनला येईल. बोला, धुता धुता बोला.

हे-रांग: आपला स्पंज आता कुणालाच जमत नाही.

ओक-बुन: रक्त थांबवायचा? कोळंबीच्या सालांचा?

हे-रांग: तोच. तुम्ही निवृत्त झालात, त्यानंतर एकही धड निघाला नाही. तीच पावडर, तेच यंत्र. रक्तात ठेवला की नुसता भिजून बसतो. पूर्वी दोन मिनिटांत गुठळी धरायचा.

ओक-बुन: हाताला चव लागते मॅडम. तुम्हीच म्हणायचात ना?

हे-रांग: म्हणायचे. पाहुणे आले की तुम्हाला पुढे करायचे. आमच्या ओकबुनताईंच्या हाताला चव आहे, म्हणायचे. ओसाकाच्या त्या म्हाताऱ्या प्रोफेसरांनी तुमच्या हातांचा फोटो काढला होता.

ओक-बुन: नखांत मिरचीचा लगदा होता माझ्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे-रांग: कंपनीला बुधवारपर्यंत वीस स्पंज हवेत. गाडी बाहेर उभी आहे, ताई.

ओक-बुन: अगं बाई! म्हणजे मला न्यायला आलात? मग आधी नाही का सांगायचं! हे एवढे कोबी निथळत ठेवते, बाकीचं सून बघेल. वर्षातून एकदा बघू दे की तिलाही.

हे-रांग: थांबा. आधी एक सांगा. तुम्ही स्पंज कसा धुवायचात?

ओक-बुन: पाण्यानं.

हे-रांग: किती वेळा?

ओक-बुन: हे काय विचारणं झालं? असं पिळू नका हो, पान फाटतं.

हे-रांग: किती वेळा, ताई?

ओक-बुन: वहीत आहे की. तीनदा.

हे-रांग: वहीत मी लिहिलंय. शोधनिबंधातही मीच लिहिलंय. तुम्ही काय करायचात?

ओक-बुन: एकदा.

हे-रांग: एकदा.

ओक-बुन: तोंड असं काय करताय? सुरुवातीला तीनदाच धुवायचे मी. चांगले चार महिने. एकही लागू पडायचा नाही. तुमचा करार संपत आलेला, तुम्ही जिन्यात जाऊन रडायचात. मला दिसत नव्हतं असं वाटतं तुम्हाला? मग तो किमचीचा शनिवार आला. सासूबाई दीडशे कोबी मिठात घालून माझी वाट बघत बसलेल्या. मी एक पाणी दिलं, स्पंज वाळवायच्या यंत्रात ठेवले आणि बस पकडली. सोमवारी येऊन बघते तर तुम्ही चक्क नाचत होतात.

हे-रांग: मला सांगितलं का नाही?

ओक-बुन: विचारलं कुणी? तुम्ही माझे दोन्ही हात धरलेत आणि म्हणालात, ताई, या खेपेला जसं केलंत तसंच रोज करा. मी केलं. अकरा वर्षं केलं. एकदा नळाखालून, बस्स.

हे-रांग: मीच म्हणाले.

ओक-बुन: तुम्हीच. आता त्यात एवढं काय बिघडलं? एका पाण्यात जास्त चांगला होत असेल.

हे-रांग: तो चांगला होत नाही, ताई. आपण स्पंज घट्ट व्हावा म्हणून त्याला कॅल्शियमच्या पाण्यात बुडवायचो. बरोबर?

ओक-बुन: हो. मोठ्या काचेच्या घंगाळात.

हे-रांग: आणि चाचणीचं रक्त यायचं निळ्या टोपणाच्या नळीत. त्या नळीत आधीच औषध असतं. रक्तातलं कॅल्शियम ते बांधून ठेवतं, म्हणून रक्त नळीत गोठत नाही. एका पाण्यात धुतलेल्या स्पंजात कॅल्शियम उरायचं. ते रक्तात उतरायचं आणि रक्त मोकळं होऊन गोठायचं. स्पंज काहीच करत नव्हता. कापसाशी तुलना केली आपण. कापसात कुठलं कॅल्शियम?

ओक-बुन: म्हणजे आपणच त्याचे हात बांधायचे, आपणच सोडायचे, आणि वर शाबासकी घ्यायची?

हे-रांग: हो. वर शाबासकी.

ओक-बुन: पण सशांवर चालला होता की!

हे-रांग: ससे धडधाकट होते. त्यांच्या जखमेवर साधा बोळा दाबला असता तरी रक्त थांबलं असतं.

ओक-बुन: मला बारावीच्या पुढचं काही कळत नाही मॅडम. पण तुम्हाला हे आज कसं कळलं?

हे-रांग: इसलच्या वहीतून. कपाट आवरताना सापडली परवा.

ओक-बुन: गुक इसल? ती लाजरी पोरगी? माझ्यासाठी रताळी भाजून आणायची ती?

हे-रांग: तीच. तुमच्यानंतर स्पंजाचं काम तिच्याकडे आलं. तिनं निबंधात लिहिलंय तसं, तीन पाण्यांत धुतलं. दोन वर्षं. दोनशे चाळीस स्पंज. एकही लागू पडला नाही. सगळ्यांसमोर मी तिला म्हणाले, तुझे हात जड आहेत, ओकबुनताईंचे पाय धुऊन पाणी पी.

ओक-बुन: असं बोललात? माझं नाव घेऊन?

हे-रांग: तुमचं नाव घेऊन. ती पदवी न घेताच गेली. गुन्सानला आईवडिलांच्या चष्म्याच्या दुकानात बसते म्हणे. वहीच्या शेवटच्या पानावर तिनं लिहिलंय, एकदाच धुतला तर लागू पडतो. का?

ओक-बुन: म्हणजे पोरीनं शोधलं होतं.

हे-रांग: तिनं येऊन विचारलंही होतं. मी म्हणाले, निबंध वाच, चौदाशे लोकांना समजलंय, तुला समजत नाही?

ओक-बुन: चौदाशे म्हणजे?

हे-रांग: आपल्या निबंधाचा आधार घेऊन लिहिलेले निबंध. आज सकाळी चौदाशे बारा होते. काल चौदाशे दहा होते.

ओक-बुन: आणि त्या चौदाशेंत एकानंही करून बघितलं नाही?

हे-रांग: बघितलं असेल. जमलं नसेल, तर त्यांनाही वाटलं असेल आपलेच हात जड. मग ते आपला उल्लेख करतात आणि पुढे जातात. मी तरी काय करते? मीही दुसऱ्यांचे तसेच करते. त्या आकड्यावर मी कायम झाले, ताई. त्यावर इमारतीचा चौथा मजला मिळाला. विद्यापीठाच्या फाटकावर माझ्या नावाचा कापडी फलक लागलाय, जगातल्या सर्वाधिक उल्लेख होणाऱ्या संशोधकांत निवड म्हणून. गावाकडेही लावलाय, रस्ता वळतो तिथे. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे, रोज सकाळी काठी टेकत तिथवर जातात. वारा आला की दोरी घट्ट करून येतात.

ओक-बुन: माझ्याकडेही आहे. आत या, दाखवते. निबंधाचं शेवटचं पान, काचेत. श्रीमती यांग ओक-बुन यांचे आभार. नातेवाईक आले की आधी तेच वाचतात.

हे-रांग: माहीत आहे मला.

ओक-बुन: मग आता काय करणार?

हे-रांग: एक रस्ता आहे. निबंधात छोटीशी दुरुस्ती छापायची. तीनदाऐवजी एकदा धुवावे. दोन ओळी. स्पंज पुन्हा लागू पडेल, सगळ्यांच्या नळ्यांत लागू पडेल. कुणी का म्हणून विचारणार नाही.

ओक-बुन: आणि माझे वीस?

हे-रांग: तुम्ही बुधवारपर्यंत करून द्याल. गुरुवारी इस्पितळात ते पहिल्या माणसावर वापरतील. रक्त न गोठण्याचा आजार आहे त्याला, दाढ काढायचीय. स्पंजावर भरवसा ठेवून त्याचं नेहमीचं औषध निम्मं करणार आहेत. तोच तर प्रयोग आहे.

ओक-बुन: निम्मं? आणि स्पंज तर...

हे-रांग: बोळा आहे नुसता.

ओक-बुन: कोण आहे तो?

हे-रांग: बस चालवतो. पन्नाशीचा आहे. माझ्याकडून प्रयोगाच्या अर्जावर सही घेऊन गेला. म्हणाला, प्रोफेसरबाई, फाटकावर तुमचं नाव वाचलं म्हणून आलो.

ओक-बुन: अरे देवा.

हे-रांग: इथे येताना वाटेत तीनदा गाडी थांबवली मी. वाटत होतं, तुम्ही म्हणाल, नाही मॅडम, मी तीनदाच धुवायचे. मग मी सुटले असते. तुमच्या हाताला खरंच चव आहे असं मानून तुम्हाला गाडीत बसवून नेलं असतं.

ओक-बुन: मग मी खोटं बोलायला हवं होतं का?

हे-रांग: माहीत नाही. कुठल्याही बाजूला वळले तरी भिंतच आहे. बोलले तर चौथ्या मजल्यावरची नऊ पोरं रस्त्यावर येतील, त्यांचे प्रबंध त्याच स्पंजावर आहेत. नाही बोलले तर गुरुवार.

ओक-बुन: मी येत नाही मॅडम. गाडी परत न्या. मला न विचारता माझ्या नावानं एका पोरीला हाकललंत, तेवढं पुरे. आता माझ्या हातानं कुणाची दाढ काढायची नाही.

हे-रांग: तुम्ही नाही आलात तर मी स्वतः एकदा धुवू शकते, ताई. अवघड काहीच नाही त्यात.

ओक-बुन: मग जा की! इथे माझ्या अंगणात बसून कशाला रडताय? जिना नाही इथे.

हे-रांग: रडत नाही मी.

ओक-बुन: बरं, नाही रडत. मिठाचं पाणी उडालंय. पुसा तो चेहरा. आणि फोन काढा. हातमोजे आधी काढा, निसटेल.

(हे-रांग फोन लावते. पलीकडचं ऐकू येत नाही.)

हे-रांग: डॉक्टर, मिन हे-रांग बोलतेय. गुरुवारचं थांबवा... नाही, पुढे ढकला नाही म्हणत, थांबवा. त्या माणसाला पूर्ण औषध द्या... स्पंज काम करत नाही. कधीच करत नव्हता... हो, शुद्धीवर आहे. कोबी धुतेय... लेखी देते, आजच. माझ्या सहीनं.

ओक-बुन: काय म्हणाले?

हे-रांग: म्हणाले, उद्या नऊ वाजता डीनच्या खोलीत या. आणि म्हणाले, कंपनीचे वकीलही असतील.

ओक-बुन: लिहाल त्यात माझंही घाला. एकदाच धुतलं, यांग ओक-बुन. आभार नकोत.

हे-रांग: तुम्हाला कशाला त्यात...

ओक-बुन: काचेतलं पान उतरवल्यावर तिथे काहीतरी लावायला नको का? बाबांना फलकाचं कोण सांगणार?

हे-रांग: मीच. त्यांच्याबरोबर चालत जाईन तिथवर. दोरी सोडायला त्यांना जमणार नाही.

ओक-बुन: आता परत कुणाला लावताय?

हे-रांग: इसलला. नंबर बदलला नसेल तर.

ओक-बुन: उचलते का?

हे-रांग: नाही.

ओक-बुन: ती का उचलेल? पुन्हा लावा.

हे-रांग: वाजतोय... इसल? ठेवू नकोस. मिन हे-रांग बोलतेय. तुझ्या वहीत शेवटच्या पानावर एक प्रश्न होता. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं माझ्याकडून.